नवी डिस्क घेताना आणि सुचवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीव्हीडी, ब्लू-रे, फोरके अशा रूपांत घरी बघण्यासाठी नवे-जुने चित्रपट सतत येत असतात, आणि "यातलं काय घेऊ?" असं मला सतत विचारलं जातं. बरीच वर्षं लोकांना डिस्क सुचवत आले आहे. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

चित्रपट चांगला असला की डिस्क घ्यायची, इतकं साधं नाही का हे?

नाही. चित्रपट एक असतो, डिस्क मात्र अनेक निघतात. कंपनी वेगळी, साल वेगळं, ज्या प्रिंटवरून बनवली ती प्रिंट वेगळी. एकाच कृष्णधवल चित्रपटाच्या दोन डिस्क मी एकदा लागोपाठ लावल्या. त्यात एक म्हातारी खिडकीशी बसून पत्र वाचते असा प्रसंग आहे. पहिल्या डिस्कवर तिच्या गालावरच्या सुरकुत्या, शालीची वीण, काचेवर साचलेली धूळ, सगळं दिसत होतं. दुसऱ्या डिस्कवर तोच चेहरा मेणाचा झाला होता. चित्र 'स्वच्छ' करण्याच्या नादात कुणीतरी सुरकुत्याही पुसून टाकल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्या बाईचं वयही. संवाद तेच, अभिनय तोच. पण ज्याने फक्त दुसरी डिस्क पाहिली, तो म्हणणार की या चित्रपटाचं लोक उगाच कौतुक करतात.

म्हणून मी नुसतं चित्रपटाचं नाव सांगत नाही. कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, कोणती आवृत्ती, हेही सांगते.

नवी डिस्क हातात आली की आधी काय तपासता?

पाकिटाची मागची बाजू. चित्रपटाची लांबी किती मिनिटं लिहिली आहे, चित्राचं प्रमाण काय, मूळ भाषेतला आवाज आहे की फक्त डब केलेला, सबटायटल कोणत्या भाषांत आहेत, आणि स्कॅन कशावरून केलंय. मूळ निगेटिव्हवरून केलं असेल तर कंपनी ते ठळक छापते. त्याबद्दल अवाक्षर नसेल तर मी जरा सावध होते.

मग डिस्क लावून तीन ठिकाणी थांबते. एक काळोखातला प्रसंग, एक धूर, धुकं किंवा पाऊस असलेला, आणि एक चेहऱ्याचा क्लोजअप. काळोखात चौकटी-चौकटी दिसू लागल्या किंवा धुरात पायऱ्यांसारखे थर दिसले, तर डिस्क घाईत बनवली आहे असं समजावं. आणि हे झालं तरी चित्रपट शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय कुणाला सुचवत नाही. आवाज चित्राच्या पुढे-मागे सरकणं, सबटायटल मध्येच गायब होणं, हे दोष बहुधा उत्तरार्धातच निघतात.

डीव्हीडी, ब्लू-रे आणि फोरके यांत नेमका फरक किती?

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये आली, ब्लू-रे २००६ साली आणि फोरके डिस्क २०१६ साली. डीव्हीडीच्या चित्रात साधारण साडेतीन ते सव्वाचार लाख बिंदू असतात, ब्लू-रेमध्ये २० लाखांच्या वर, तर फोरकेमध्ये जवळपास ८३ लाख. जागेचं म्हणाल तर डीव्हीडीत ४.७ किंवा ८.५ जीबी, ब्लू-रेमध्ये २५ किंवा ५० आणि फोरके डिस्कमध्ये १०० जीबीपर्यंत मावतं.

माझा अनुभव असा की डीव्हीडीवरून ब्लू-रेवर गेलेल्या माणसाला फरक पहिल्याच मिनिटाला कळतो. ब्लू-रेवरून फोरकेवर जाताना तो टीव्हीचा आकार आणि बसण्याचं अंतर यांवर ठरतो. लहान टीव्ही असेल आणि तुम्ही लांब बसत असाल, तर चांगली ब्लू-रे घ्या आणि निश्चिंत राहा.

पाकिटावर फोरके लिहिलंय म्हणजे आतही फोरके असतं ना?

नेहमी नाही. २००० नंतरच्या साधारण दोन दशकांत असंख्य चित्रपटांचं रंगकाम आणि व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर केलेले दृश्यपरिणाम, टूके आकारात (फोरकेच्या साधारण पाव बिंदूंत) पूर्ण झालं. त्यांची अंतिम प्रतच टूके असते, मग फोरके डिस्कवर तेच चित्र मोठं करून टाकतात. उलट १९५० सालचा ३५ मिमी निगेटिव्हवरचा चित्रपट फोरकेमध्ये स्कॅन केला तर त्यातून खराखुरा जास्तीचा तपशील निघतो, कारण तो निगेटिव्हमध्ये पहिल्यापासून होताच. नव्यापेक्षा जुना चित्रपट फोरकेवर जास्त खुलतो हे ऐकून लोक चकित होतात, पण कारण इतकं सरळ आहे.

अर्थात मोठं केलेलं चित्र अगदीच वाया जातं असं नाही. फोरके डिस्कवर एचडीआर असतं, म्हणजे उजेड आणि काळोख यांच्यातली पट्टी रुंद होते, आणि रंगछटाही जास्त मिळतात. मेणबत्तीची ज्योत किंवा डांबरी रस्त्यावरचं पाणी यांत तो फरक जाणवतो. फक्त अपेक्षा तेवढीच ठेवावी.

चित्रात बारीक दाणे वळवळताना दिसतात. डिस्क खराब आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि याचं उत्तर मी कधीच कंटाळून देत नाही. ते दाणे म्हणजेच चित्र आहे. कृष्णधवल फिल्मवर प्रतिमा उमटते ती चांदीच्या सूक्ष्म कणांची, आणि रंगीत फिल्मवर त्या कणांच्या जागी रंगाचे बारीक ठिपके उरतात. प्रत्येक फ्रेममध्ये त्यांची मांडणी वेगळी, म्हणून ते हलल्यासारखे दिसतात. कमी उजेडात चित्रण केलं की दाणा जाड होतो. रात्रीचा प्रसंग खरोखर रात्री टिपला होता, याची ती खूण असू शकते.

हे दाणे सॉफ्टवेअरने काढता येतात, पण गाळणीला दाणा कुठला आणि केस, कापडाची वीण किंवा त्वचेवरचं छिद्र कुठलं, हे कळत नाही. ती सगळंच नेते. मग चित्र मऊ पडलं म्हणून कडा कृत्रिम धारदार करतात, आणि माणसांभोवती पांढरी बारीक रेघ येते. सुरुवातीला सांगितलेल्या म्हातारीचं हेच झालं होतं.

एक मात्र खरं, की टीव्हीची सेटिंगही यात भर घालते. दुकानात उठून दिसावं म्हणून टीव्हीचा शार्पनेस चढवलेला असतो. तो उतरवा, 'नॉइज रिडक्शन' आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

नव्या आवृत्तीत रंग पार वेगळे दिसतात. खरे कोणते?

कठीण प्रश्न आहे. १९५० नंतर सर्रास वापरात आलेल्या रंगीत फिल्मच्या कितीतरी प्रती कालांतराने लालसर-गुलाबी पडल्या, कारण त्यांतला निळसर रंग सगळ्यांत आधी उडाला. म्हणजे आज हाती आलेली जुनी प्रिंट बघून 'मूळ रंग असे होते' असं छातीठोक सांगता येत नाही. जतन करणारे लोक मग वेगवेगळ्या प्रती जुळवून बघतात, जुन्या नोंदी शोधतात, छायालेखक हयात असेल तर त्याला समोर बसवतात. 'छायालेखकाच्या देखरेखीखाली' असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर माझा विश्वास वाढतो. तरीही डोळे मिटून नाही. तीस-चाळीस वर्षांनी कलावंताची आवडही बदलते, आणि तेव्हाचा चित्रपट आजच्या पद्धतीच्या निळसर-पिवळ्या छटेत न्यावासा त्याला वाटू शकतो.

मी एक साधी कसोटी लावते. पांढरा शर्ट, पांढरी भिंत किंवा कागद कुठे दिसतो का बघायचं. दिवसाउजेडी सगळेच पांढरे निळसर-हिरवट दिसत असतील, तर ती छटा पुढे कुणीतरी चढवली असण्याची शक्यता मोठी. मग शिफारस करताना हे स्पष्ट सांगते आणि जुनी डिस्क असेल तर ती विकू नका म्हणते.

'रिस्टोर केलेला' हा शब्द सगळ्यांच पाकिटांवर असतो. त्याला काही अर्थ आहे?

अर्थ फार मोठा आहे, पण शब्द स्वस्त झाला आहे. नुसती धूळ पुसून रंग गडद केला तरी कंपन्या तो वापरतात. खरं काम कसं असतं हे समजायला सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन चित्रपटांचं उदाहरण पुरेल. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत त्यांच्या निगेटिव्ह जळाल्या. उरलेल्या ठिसूळ, आक्रसलेल्या पट्ट्या कुणी फेकून दिल्या नाहीत. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन लवचिक केलं, स्कॅन करता येतील तेवढे भाग वाचवले आणि जे गेलेच होते ते जगभरच्या संग्रहांतल्या दुसऱ्या प्रतींतून भरून काढले. २०१५ साली ते चित्रपट पुन्हा लोकांसमोर आले. त्यातलं एखादं दृश्य जरा मऊ दिसलं, तर ते दुसऱ्या प्रतीतून आलेलं असू शकतं. ते तसं का आहे हे माहीत असलं की बघताना खटकत नाही.

दुसरं उदाहरण 'मेट्रोपोलिस'चं. १९२७ सालचा हा मूकपट प्रदर्शनानंतर कापला गेला आणि कापलेले तुकडे गेले ते गेलेच, असंच सगळे धरून चालले होते. २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये १६ मिमीवरची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. ती ओरखड्यांनी भरलेली होती, त्यामुळे सुमारे २५ मिनिटांचे ते भाग आजच्या आवृत्तीतही वेगळे ओळखू येतात. मला ते ओरखडे प्रिय आहेत. प्रत्येक ओरखड्यामागचं चित्र त्याआधी कितीतरी वर्षं फारच थोड्यांनी पाहिलं होतं.

वर-खाली काळ्या पट्ट्या का?

कारण चित्रपट टीव्हीपेक्षा रुंद आहे. पट्ट्या असू द्या, त्या घालवल्या की बाजूची माणसं जातात. जुन्या चौकोनी चित्रपटांत त्या डाव्या-उजव्या बाजूला येतात, आणि तिथे चित्र ताणून भरलं की डोकी चपटी होतात. चौकोनी चित्रपट 'वाइडस्क्रीन' म्हणून विकायला ठेवलेला दिसला तर घेऊ नका. वरचा आणि खालचा भाग कापलेला असतो.

माझ्या डीव्हीडीवर चित्रपट चार मिनिटांनी लहान आहे. काही कापलंय का?

बहुधा नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. पीएएल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डीव्हीडीवर तो २५ ने चालवतात, म्हणून १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढतो. गाणी पाठ असलेल्या कानांना हे लगेच कळतं. फरक चार टक्क्यांहून जास्त असेल तर मात्र कात्री लागल्याचा संशय घ्यावा. ब्लू-रे २४ नेच चालू शकते, त्यामुळे संगीतप्रधान चित्रपटासाठी मी तीच सुचवते.

परदेशातून मागवलेली डिस्क माझ्या प्लेअरवर लागेल?

डीव्हीडीसाठी जग सहा भागांत वाटलेलं आहे, ब्लू-रेसाठी ए, बी आणि सी अशा तीन, आणि एका भागाची कुलूपबंद डिस्क सहसा दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर लागत नाही. अमेरिका आणि जपान डीव्हीडीसाठी वेगवेगळ्या भागांत, पण ब्लू-रेसाठी दोघेही 'ए' मध्ये. युरोप 'बी', भारत आणि चीन 'सी'. काही कंपन्या कुलूपच लावत नाहीत. फोरके डिस्क कुठलीही कुठेही चालते, पण त्याच डब्यात जोडीला ठेवलेली ब्लू-रे कुलूपबंद असू शकते. मागवण्याआधी हे तपासाच.

मोनो आवाज म्हणजे कमी दर्जाचा का?

मुळीच नाही. मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. मोनोत बनलेला चित्रपट मोनोतच ऐकावा. सहा स्पीकरसाठी नंतर केलेल्या मिश्रणात पावलांचे आणि दारांचे आवाज कधीकधी नव्याने टाकलेले असतात, ते जुन्या चित्रात उपरे वाटतात. नवं मिश्रण द्यायला हरकत नाही, पण मूळही सोबत हवं. ते नसेल तर शिफारशीत मी ही उणीव लिहिते.

सबटायटलला इतकं महत्त्व का देता?

यामागे एक प्रसंग आहे. माझ्या काकांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. बर्फाळ प्रदेशात घडणारा एक सुंदर चित्रपट मी त्यांना सुचवला, डिस्कही आणून दिली. सबटायटल आहेत हे मी पाकिटावर वाचलं होतं, लावून बघितलं नव्हतं. ती पांढरी अक्षरं पांढऱ्या बर्फावर, कडेला काळी रेघसुद्धा नाही. काका पाऊण तास पुढे वाकून डोळे बारीक करून वाचत राहिले आणि मग म्हणाले, "राहू दे, तू सांग ना मला काय होतं पुढे." त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून सबटायटल चालू करून निदान दहा मिनिटं पाहते.

त्यात काय बघायचं? अक्षरांना कड आहे का, वाचायला वेळ मिळतो का, गाण्यांचे शब्द दिले आहेत की गाणं लागलं की सबटायटल गप्प बसतात. गाण्यातून कथा पुढे जात असेल तर हा मोठा दोष आहे. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी वेगळी सबटायटल असतात, ज्यांत दार वाजलं, मागे कुणी हसलं, हेही लिहिलेलं असतं. आणखी एक चकवा म्हणजे डब केलेल्या संवादांवरून उतरवलेली सबटायटल मूळ आवाजाखाली लावणं. डबिंगमध्ये ओठांशी जुळावं म्हणून वाक्यं बदललेली असतात, त्यामुळे तुम्ही वाचता एक आणि पात्र बोलतं भलतंच.

एक्स्ट्राज, म्हणजे चित्रपटासोबतची जास्तीची सामग्री, कुणी बघतं का?

मी बघते, आणि सुचवतेही. चित्रपटावर जाणकाराने बोलण्याची पद्धत १९८४ साली लेझरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या डिस्कवर, सुरू झाली. 'किंग काँग'च्या डिस्कवर रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-जतनकाराने ध्वनिपट्टीवर सलग निवेदन केलं होतं. आजही चांगली कॉमेंट्री म्हणजे जाणत्या माणसाशेजारी बसून चित्रपट बघणं. पण कलाकारांनी एकमेकांची तोंडभरून स्तुती करण्यापलीकडे त्यात काही नसेल, तर केवळ त्यासाठी महागडी आवृत्ती घेऊ नका. पेटी देखणी आणि डिस्क जुन्याच स्कॅनची, असंही होतं. नाव मोठं, लक्षण खोटं.

थिएटरमधली आवृत्ती घ्यावी की डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाच्या मनासारखी आवृत्ती?

पहिल्यांदा बघणाऱ्याला मी बहुधा थिएटरमधली सुचवते. ज्या चित्रपटावर निर्मात्यांनी दिग्दर्शकाच्या मनाविरुद्ध कात्री चालवली, तिथे उलट. दोन्ही असलेली डिस्क मिळाली तर प्रश्नच नाही.

बाजारात आल्या दिवशीच घ्यावी का?

अमेरिकेत नव्या डिस्क मंगळवारी येतात, ब्रिटनमध्ये सोमवारी, आणि त्या दिवशी उत्साह ओसंडून वाहतो. नव्याचे नऊ दिवस जाऊ द्या. दोष पहिल्याच आठवड्यात उघड होतात, आणि चांगल्या कंपन्या दुरुस्त डिस्क बदलून देतात. छोट्या कंपन्यांच्या मर्यादित प्रतींना मात्र हे लागू नाही. त्या संपल्या की बहुतेकदा पुन्हा निघत नाहीत. तिथे ज्या कंपनीच्या आधीच्या चार-पाच डिस्क तुम्हाला पसंत पडल्या आहेत, तिच्यावर भरवसा ठेवून आधीच मागणी नोंदवावी.

स्ट्रीमिंग असताना डिस्क कशाला?

फोरके स्ट्रीमिंगमध्ये सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट माहिती येते, फोरके डिस्कवरून १२८ पर्यंत येऊ शकते. पाऊस, धूर, समुद्र असला की हा फरक डोळ्यांना दिसतो. दुसरं म्हणजे स्ट्रीमिंगवरचा चित्रपट करार संपला की निघून जातो. आणि शेकडो चित्रपट असे आहेत जे कुठल्याच मंचावर नाहीत, फक्त डिस्कवर आहेत. एकदाच बघून सोडून द्यायचा चित्रपट खुशाल स्ट्रीमिंगवर बघा. मी स्वतः तेच करते.

दुसऱ्याला सुचवायचं तर काय लक्षात घ्यावं?

"तुला काय आवडतं?" असं विचारलं की माणसं मोठमोठी नावं सांगतात. मी विचारते, "अलीकडे कोणता चित्रपट अर्ध्यावर बंद केलास, आणि कुठल्या प्रसंगाला?" त्यातून खूप कळतं. संथपणा सहन होत नाही, रक्त बघवत नाही, की वाचत-वाचत बघायचा कंटाळा आहे. मग विचारते, सोबत कोण बसणार आहे, वेळ किती आहे, टीव्ही आणि प्लेअर कोणता.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर ज्या चित्रपटात तसाच मृत्यू आहे तो न सांगता हाती देऊ नका. इथे कथा फुटली तरी चालेल, आधी सांगा. लहान मुलांसाठी पाकिटावरच्या वयाच्या शिक्क्यावर अवलंबून न राहता स्वतः बघून घ्या. मुलांना मारामारीपेक्षा आई हरवण्याची भीती जास्त वाटते, असं मी अनेकदा पाहिलं आहे, आणि शिक्क्यात ते धरलेलं नसतं. आणि दहा नावांची यादी देऊ नका. एक द्या, फार तर दोन. यादी खिशात राहते, एक नाव बघितलं जातं.

डिस्क जपायच्या कशा?

उभ्या ठेवा, उन्हात नको, कडेला धरा. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी खोल असतो, डीव्हीडीत ०.६ मिमी. ब्लू-रेवर कडक लेप असतो म्हणून ती सहसा ओरखडत नाही, पण खोल ओरखडा गेला तर संपलंच. नवीन डिस्क लागत नसेल तर प्लेअरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून बघा, दोष बऱ्याचदा तिथे असतो.

नवी आवृत्ती घेतली. जुनी डीव्हीडी देऊन टाकू?

थांबा. आधी जुन्या डिस्कवरची कॉमेंट्री नव्या डिस्कवर आली आहे का बघा. हक्कांच्या भानगडीत ती पुष्कळदा मागेच राहते. मग मूळ मोनो आवाज, वगळलेली दृश्यं आणि पार्श्वभूमीची गाणी तपासा, कारण हक्क न मिळाल्यामुळे नव्या आवृत्तीत कधीकधी गाणंच बदललेलं असतं. यातलं काहीच जुन्या डिस्कवर जास्तीचं नसेल तर ज्याच्याकडे अजून फक्त डीव्हीडी प्लेअर आहे अशा कुणाला द्या. देण्याआधी पुसून, एकदा शेवटपर्यंत लावून बघा.